जांभळाची पाच झाडं

गाडीला जागा हवी म्हणून आवारातल्या पाच जांभळांपैकी एक तोडायचा अर्ज मीच केला होता. 'चार उरतातच की,' अशी वर अक्कलही पाजळली होती.

काल पालिकेकडून झाडांची पाहणी करणारी मुलगी आली. तिने बुडाची माती उकरली आणि म्हणाली, "काका, झाड एकच आहे. खोडं पाच."

मी हादरलोच.

"उद्या माझं एक बोट कापाल," बायको म्हणाली, "चार उरतातच की!"

मुलीने पाचही खोडांचा घेर फितीने मोजला, हिशेब केला आणि मुळांसाठी राखायचं वर्तुळ चुन्याने आखलं. ते झाडाशेजारी कशीबशी लावलेल्या माझ्या गाडीच्याही पलीकडून गेलं. जमिनीखाली कोण कोणाचं, हे वरून मोजणाऱ्याला काय कळणार!

"अर्ज मागे घेतो," मी पुटपुटलो.

"आधी गाडी मागे घ्या, काका."