अण्णांचं चंदीगडमधलं जेवण

अण्णा, माझे वडील, चुलतभावाच्या मुलीच्या लग्नाला दिल्लीला आले होते. लग्न उरकल्यावर परतीच्या गाडीपर्यंत एक दिवस मोकळा होता, तो त्यांनी माझ्यासाठी काढला. सकाळच्या बसने चंदीगड, दुपारच्या बसने परत दिल्ली. संध्याकाळनंतर त्या रस्त्याने प्रवास करायचा नाही, असं दिल्लीच्या काकांनी त्यांना बजावून ठेवलं होतं.

मी तेव्हा चंदीगडला विद्यापीठात शिकवत होते. बार्शीत आई रोज पेपर उघडायची, आणि पंजाबमधल्या अतिरेक्यांची, बॉम्बस्फोटांची बातमी पहिल्याच पानावर असायची. मी पत्रात गुलाबांच्या बागेबद्दल लिहायचे, रुंद रस्त्यांबद्दल लिहायचे. आईचा त्यावर विश्वास नव्हता. अण्णा मला न्यायला येत होते, किंवा निदान स्वतःच्या डोळ्यांनी बघून जायला. तसं कुणी बोललं नव्हतं, पण मला ते कळत होतं.

म्हणून मी ठरवलं होतं, अण्णांना असं जेवायला घालायचं की त्यांना बाकी काही दिसूच नये. ते कुठे, यावर मी कितीतरी विचार केला होता. खोलीवर स्वयंपाकाची सोय नव्हती. जागा शाकाहारी हवी, जेवणात तेल फार नको, आणि दर असे हवेत की अण्णांचा घास घशात अडकू नये. एवढं सगळं एका जागी मिळणं सोपं नव्हतं.

बस उशिरा आली. तोवर मी स्टँडवर या टोकापासून त्या टोकापर्यंत चकरा मारत होते. वाळूच्या पोत्यांमागे बसलेला शिपाई माझ्याकडे बघायला लागला, तेव्हा बाकावर बसले आणि लगेच पुन्हा उठले. अण्णा उतरले ते पांढऱ्या शर्टात, धोतरात, हातात कापडी पिशवी घेऊन. "वाळलीस," म्हणाले. मग इकडेतिकडे बघत, "रस्ते मात्र खरंच मोठे आहेत गं."

आधी सतरा सेक्टरमध्ये जायचं होतं. तिथला मोठा चौक आणि कारंजं दाखवून तिथेच जेवायचं, असा माझा बेत. बाजाराच्या तोंडाशी पोलीस झडती घेत होते. एका हवालदाराने अण्णांची पिशवी उघडली. आत पापड, कुरडया आणि एका बरणीत आईचा काळा मसाला. हवालदाराने बरणी उन्हात धरली.

"ये काला पावडर क्या है?"

"मसाला है," अण्णा म्हणाले. "आमटी में डालने का."

"किसमें?"

"दाल में जी, दाल में," मी मध्ये पडले. माझा आवाज मलाच परका वाटला. हवालदाराने झाकण काढून नाक आत घातलं आणि त्याला एकामागून एक शिंका सुटल्या. शेजारचा पोलीस हसला आणि त्याने आम्हाला हातानेच पुढे जायला सांगितलं. अण्णाही हसत होते. मी मात्र त्यांना दंडाला धरून भराभर पुढे नेलं.

मी निवडलेल्या हॉटेलात टेबलावर पांढरं कापड होतं. अण्णांनी मेनूकार्ड डोळ्यांपासून लांब धरून वाचलं, उलटं करून मागची बाजू बघितली, आणि उभे राहिले.

"मला अजून एवढी भूक नाही."

"अण्णा, मी देणार आहे पैसे. मला पगार आहे."

"म्हणून तो इथे टाकायचा होय? तू रोज जेवतेस तिथे ने की."

रोज मी बावीस सेक्टरमध्ये जेवायचे, एका दाक्षिणात्य खानावळीत. गर्दी, स्टीलची ताटं, पंख्याचा खडखडाट. तिथे त्यांना न्यायचं नाही असं मी ठरवलं होतं, पण आता इलाज नव्हता. रस्ता ओलांडून आम्ही तिकडे गेलो. काउंटरवरच्या मालकाने ओळखीचं हसून भिंतीकडचं टेबल दिलं. दोन थाळ्या सांगितल्या. सांबाराचा वास आल्यावर अण्णांचा चेहरा सैलावला. त्यांना साखरेचा आजार होता. जेवणाच्या आधी गोळी घ्यायची असायची. त्यांनी खिशातून पुडी काढली आणि पाण्याबरोबर गोळी घेतली. मला वाटलं, जमलं सगळं.

तेवढ्यात दारातून शिट्टी वाजली. "बाहर! सब बाहर चलो!"

दुकानांच्या रांगेसमोर एक स्कूटर उभी होती आणि ती कुणाची ते कुणालाच माहीत नव्हतं. त्या दिवसांत बॉम्बच्या संशयाला तेवढं पुरायचं. माणसं अर्धी ताटं टाकून उठली. आम्ही पलीकडच्या फुटपाथवर गर्दीत उभे राहिलो. पोलिसांनी दोरी बांधली. मी अण्णांना आणखी मागे ओढलं, मग अजून मागे. "अगं, किती मागे जायचं?" ते म्हणाले.

बऱ्याच वेळाने कापडाच्या दुकानाच्या गल्लीतून एक गृहस्थ हातात गाठोडं घेऊन आला आणि सरळ स्कूटरकडे चालू लागला. त्याचीच होती ती. पोलिसांनी त्याला धरून भरपूर झापलं. लोकांचा जीव भांड्यात पडला, पण तोवर कुणीतरी काहीतरी बोललं होतं. दुसऱ्या कुठल्या सेक्टरात काही झालंय म्हणे. बघता बघता रांगेतली शटरं खाली यायला लागली. आमच्या खानावळीचंही आलं. मालकाने लांबूनच हात जोडले.

मी अण्णांना घेऊन पुढच्या रांगेत गेले. बंद. त्याच्या पुढच्या रांगेत गेले. तिथेही बंद. पानाची टपरी बंद, फळवाला गाडा ढकलत निघून गेलेला. मागे वळून बघितलं तर अण्णा एका खांबाला टेकले होते. कपाळ घामाने भिजलं होतं आणि हात थरथरत होता.

"गोळी घेतली ना," ते अगदी हळू म्हणाले. "वर काहीच गेलं नाही पोटात."

माझ्या पर्समध्ये एक चॉकलेटसुद्धा नव्हतं. मी त्यांचा हात खांद्यावर घेऊन मागच्या गल्लीत शिरले. तिथे एका छोट्या ढाब्याचं शटर गुडघ्याएवढं उघडं होतं आणि आतून फोडणीचा वास येत होता. मी वाकून हाक मारली.

"बंद है बीबीजी," आतून आवाज आला.

"मेरे पिताजी को शुगर है. दवा ले ली है, खाना नहीं खाया."

शटर लगेच वर गेलं. एक वयस्कर सरदारजी होते. त्यांनी अण्णांना दुसऱ्या बाजूने धरलं, आत घेतलं आणि शटर पुन्हा खाली ओढलं. त्यांच्या बायकोने काही न विचारता आधी पेल्यात पाणी ओतून त्यात मूठभर साखर ढवळली. अण्णांनी ते दोन्ही हातांनी धरून प्यायलं. मग चहा आला, तोही पाकासारखा गोड. मी समोर बसून त्यांच्या ओठांकडे बघत होते. हळूहळू रंग परतला.

नंतर त्यांनी आम्हाला त्यांच्याच जेवणातलं वाढलं. कढी, भात, तव्यावरच्या रोट्या, कांदा. एका पिवळ्या बल्बच्या उजेडात आम्ही चौघं जेवत होतो. बाहेरून कुणाच्या धावण्याचा आवाज आला की माझा हात थांबायचा. अण्णांनी कढी दोनदा मागून घेतली. आणि मग, रोटी मोडता मोडता, मराठीत विचारलं,

"तू खाली काय बघत असतेस गं?"

"कुठे?"

"खुर्चीखाली. त्या महागड्या हॉटेलात बघितलंस, मग खानावळीत, आणि आत्ता इथेही. मी एवढा घामाघूम झालेलो, तरी बसायच्या आधी तू वाकून बघितलंस."

मला खरंच माहीत नव्हतं. रेडिओवर, बसमध्ये सारखं सांगत असत, बसण्याआधी सीटखाली बघा. ते कधी अंगात मुरलं ते मला कळलंच नव्हतं. सरदारजींनी काय झालं ते विचारलं. अण्णांनी मोडक्या हिंदीत सांगितलं.

"सब देखते हैं जी," सरदारजी म्हणाले. "मैं भी सुबह दुकान खोलकर पहले यही देखता हूँ." मग अण्णांच्या ताटात आणखी एक रोटी ठेवत, "हमारी दुकान दिल्ली में थी. चौरासी के दंगों के बाद इधर आ गए. यहाँ अपने लोग हैं, सोचा, चैन रहेगा."

त्यांची बायको ताटं उचलायला लागली. अण्णा पैसे काढायला लागले तर सरदारजींनी त्यांची मूठ बंद केली. अण्णांना ते पटेना. शेवटी त्यांनी पिशवीतले सगळे पापड त्या बाईंना दिले आणि कसे भाजायचे ते हातवारे करून समजावलं.

बाहेर पडलो तेव्हा दोन-चार दुकानं पुन्हा उघडली होती. काही झालं नव्हतं, अफवाच होती. स्टँडकडे जाताना अण्णा म्हणाले, "आई म्हणाली होती, घेऊनच या."

"परीक्षा तोंडावर आहेत, अण्णा."

"म्हणून मी काही म्हणत नाही. पण तिला मी काय सांगू?"

मी त्यांना बसमध्ये खिडकीशी बसवून खाली उतरले. बस निघाली. मी खोलीवर न जाता स्टँडबाहेरच्या फोनच्या बूथसमोर रांगेत उभी राहिले, बाहेर पडले, पुन्हा उभी राहिले. बार्शीच्या शेजाऱ्यांकडे फोन लावला. आई धावतच आली असावी, तिला धाप लागली होती.

"पोचले का गं ते? जेवले का?"

"जेवले. पोटभर जेवले. आत्ताच बसमध्ये बसवलं." आणि मग मी म्हणाले, "आई, मला इथे भीती वाटते गं."

"बरं झालं बोललीस," आई म्हणाली. "तुझी ती गुलाबांची पत्रं आली की मला रात्रभर झोप लागायची नाही. सुट्टी कधी लागते?"

"मेमध्ये."

"मग मेमध्ये ये. पुढचं पुढे बघू."

मी मेमध्ये गेले, आणि जुलैत परतही आले. नोकरी सोडली नाही. पत्रांत मात्र त्यानंतर गुलाब कमी झाले. काय बंद होतं, काय उघडं होतं, कुठे जेवले, ते लिहायला लागले. आईला तीच पत्रं आवडायची.