खिडकी नसलेला स्टँड

वाटूरचा बद्रीनाथ चार महिन्यांपासून आपल्या पोरीशी बोलत नव्हता. नर्सिंग शिकलेल्या आकांक्षाने जर्मनीतल्या दवाखान्यातली नोकरी बापाला न विचारता पक्की केली, एवढाच तिचा गुन्हा. घरात तो बायकोच्या, तुळजाबाईच्या तोंडून बोलायचा. ‘तिला सांग’ म्हणायचा आणि आकांक्षा भाकरी वाढायला आली की ताट सरकवून घ्यायचा. राग कसा जपावा ते या माणसाकडून शिकावं.

पण एक वाक्य त्याने राखून ठेवलं होतं. ‘न्हाई जमलं तं सरळ वापस ये, म्या काही म्हणणार न्हाई.’ हे फोनवर बोलायचं नव्हतं आणि घरात भावकीसमोर तर नव्हतंच. पोर जालन्याला शिकायला होती तेव्हा दर सोमवारी तो तिला एसटीत बसवून द्यायचा. रुमाल टाकून जागा धरायची, बॅग वर ठेवायची, खाली उतरून खिडकीशी उभं राहायचं आणि गाडी हलता हलता काय ते सांगून टाकायचं. मायेचं बोलायला या गड्याला चालू इंजिनाचा आवाज लागायचा. विमानाशीही तसंच उभं राहू, असं त्याने मनात धरलं होतं.

क्रूझर जीपभर भावकी घेऊन ते सकाळी विमानतळावर पोचले. दारातल्या जवानाने हात आडवा केला.

“चाचा, टिकट?”

“तिचं हाये. म्या बसवून जल्दी वापस येतो.”

“बिना टिकट अंदर नहीं.”

“आन् बॅग कोण ठेवीन वर? खिडकीपस्तोर तरी जाऊ द्या की!”

मागचे दोघं-तिघं हसले. आकांक्षाने मान खाली घातली. बद्रीनाथचं डोकं तिथंच फिरलं.

त्यात कळलं, विमान चार तास उशिरा आहे. आत एकटीने काय करायचं, म्हणून आकांक्षाही बाहेरच थांबली. म्हणजे देवाने चार तास फुकट पदरात टाकले होते. दुसरा कुणी असता तर गुपचूप पोरीजवळ जाऊन बसला असता.

तुळजाबाईने लिंबाच्या सावलीत सतरंजी अंथरली. दशम्या निघाल्या, शेंगदाण्याची चटणी निघाली. चुलत्या आकांक्षाच्या लहानपणीच्या खोड्या सांगायला लागल्या आणि पोर किती दिवसांनी खळखळून हसली. शेजारचा टॅक्सीवालाही दशमी घेऊन तिथंच टेकला. विमानतळाबाहेरच्या त्या धुळीत कुणाला वाटावं, शेतातलं जेवण चाललंय.

बद्रीनाथ मात्र उभाच. “लेकरू भुईवर बसलंय, एक बाकडं न्हाई इथं! लोकं काय जनावरं हायेत का?” पार्किंगवाल्याशी त्याची वाजली. चहा कोमट दिला म्हणून चहावाल्याशी वाजली. उन्हातून थंड पाण्याची बाटली आणली ती बायकोच्या हातात आदळली. “तिला दे.”

“दादा, बसा ना थोडं,” आकांक्षा बापाला म्हणाली.

त्याने तिच्या चपलांकडे बघितलं. “तिला सांग, मला काम हाये.”

काम म्हणजे पार्किंगच्या साहेबाच्या ऑफिसात जाऊन खुर्च्या मागणं. तिथं तो किती वेळ तणतणला त्याला पत्ताच नव्हता. अखेर कंटाळून साहेबाने प्लॅस्टिकच्या दोन खुर्च्या दिल्या. दोन हातांत दोन खुर्च्या घेऊन बद्रीनाथ छाती काढून आला. सतरंजीवर बायका डोळे पुसत होत्या.

“पोरगी कुठंय?”

“आत गेली. सामान द्यायची येळ झाली म्हणले,” तुळजाबाई म्हणाली. “लई हुडकलं तुमाला. तुमचा फोन इथं पिशवीतच वाजून राह्यला.”

“मला न इचारता जाऊ कसं दिलं तिला?”

उभ्या जन्मात उलट न बोललेली बाई त्या दिवशी बोलली. “इतका येळ बसली व्हती की ती. तुमीच न्हाई बसले.”

खुर्च्या टाकून तो दाराकडे पळाला. काचेपलीकडे आकांक्षा रांगेत उभी होती. “आकांक्षे! न्हाई जमलं तं वापस ये! म्या काही म्हणणार न्हाई! ऐकलं का?” चहावाल्यावर ओरडला होता त्याच आवाजात ओरडला. दुसरा आवाज त्याच्याकडे नव्हताच. जवानाने दंड धरला, त्याने तो हिसडून सोडवला आणि पुन्हा तेच ओरडला. स्वतःचाच असा संताप त्याला कधी आला नव्हता.

काच जाड होती. आकांक्षाने वळून बघितलं. तिला दिसला तो लालबुंद तोंडाने हातवारे करणारा बाप आणि त्याला आवरणारा जवान. तिचे डोळे भरून आले. तिने दोन्ही हात जोडले आणि बापाला कळावं म्हणून ओठ सावकाश हलवत म्हणाली, “दादा, भांडू नका.”

रांग सरकली तशी ती बॅग ओढत पुढे गेली.