पुसलेलं कर्नल

लेक कुवेतला आणि शेजारच्या देशात लढाई पेटलेली. फोन लावला की आतली बाई सांगायची, लाइन व्यस्त आहे. राहता राहिला आमच्या पडवीतला कॉम्प्युटर. लेकाने जाण्याआधी त्यात विंडोजऐवजी लिनक्स घातलं होतं, फोनच्या तारेला मोडेम जोडला होता आणि ईमेल कशी काढायची ते मला शिकवलं होतं. मी चौथी शिकलेला. पण जन्म मिरकरवाड्याच्या बंदरात, मासेमारीच्या लाँचच्या इंजिनांत गेला. इंग्रजी अक्षरं इंजिनच्या पाट्यांवरून ओळखायला शिकलो. यंत्राला मी भीत नाही.

मोडेमची लाइन सारखी तुटत होती. कर्नल म्हणजे लिनक्सचं इंजिन. नवं बांधलं तर लाइन टिकेल, असं माझ्या मनाने घेतलं. लेकाने एकदा माझ्यासमोर बांधलं होतं, सीडी कपाटात होती. बसलो.

लाँचवर आमची रीत अशी, की नको ते वजन ठेवायचं नाही, आणि नवं इंजिन बसलं की जुनं बोटीवर राहू द्यायचं नाही. नाहीतर जरा काही बिघडलं की खलाशी जुन्याचे गोडवे गातात. कर्नल बांधताना यंत्र विचारतं, हे हवं की नको. जे मला कळलं नाही ते सगळं मी नको म्हटलं. मग जुनं कर्नल त्याच्या सुट्या भागांसकट पुसलं आणि यंत्र बंद करून चालू केलं.

काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी धावल्या आणि थांबल्या. शेवटी लिहिलेलं, पॅनिक. मी नको म्हटलेल्यात डिस्कचा भागही गेला होता, यंत्राला स्वतःचीच डिस्क सापडत नव्हती. पुन्हा चालू केलं. तीच ओळ. किती वेळा केलं कोण जाणे.

बायको चहा ठेवून गेली. ‘‘काही कळलं त्याचं?’’

‘‘करतोय.’’

दुसऱ्या दिवशीही तेच. टीव्हीवर आग दिसत होती. तिने आवाज बंद केला होता, पण चित्र बंद करवत नव्हतं.

‘‘बाजारात सायबर आहे, तिथे तरी जावा,’’ ती म्हणाली.

भर समुद्रात इंजिन खोलून पुन्हा चालू केलेला माणूस मी. तरी गेलो. तिथला म्हणाला, ‘‘काका, पासवर्ड सांगा.’’ पासवर्ड लेकाने मशीनमध्येच घालून ठेवलेला. मला ठाऊक नव्हता. उन्हातून तसाच परत आलो आणि पडवीत बसलो. लाँचवर असा हरून कधी बसलो नव्हतो.

‘‘जुनं टाकलं गो मी,’’ म्हटलं. ‘‘आता सुरूच होत नाही.’’

ती आत गेली आणि तांदळाच्या डब्यामागून एक फ्लॉपी घेऊन आली, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली.

‘‘त्यानं दिलंन होतं. म्हणाला, बाबा जुनं फेकणार. विचारतील तेव्हा दे.’’

‘‘मग आधी द्यायचं होतंस!’’

‘‘तुम्ही विचारलंत कुठे? करतोय, करतोय! पडद्यावर ओळी दिसतायत, मला वाटलं चाललंय.’’

फ्लॉपीवर जुनं कर्नल होतं. यंत्र सुरू झालं. ती देवाला हात जोडायला वळली, तोवर मोडेमने शिट्टी मारली, गुरगुरला आणि गप्प झाला. लाइन लागेना. तिचे हात अर्ध्यावरच राहिले. नेटला लागणारा पीपीपी नावाचा भाग मी सुट्या भागांबरोबर पुसला होता. मग पुन्हा सगळं बांधायला घेतलं. या खेपेला काही नको म्हटलं नाही. दुपारभर ते चाललं. वीज जाऊ नये म्हणून ती पंख्याकडे बघत बसली, आणि मी तिच्याकडे बघायचं टाळत होतो.

संध्याकाळी मोडेम पुन्हा किंचाळला, आणि या वेळी लाइन लागली. लेकाच्या मेल ओळीने उतरल्या, सगळ्यांत एकच मजकूर. मी बरा आहे. तुमचं उत्तर का नाही? बाबा, आई, तुम्ही बरे आहात ना?

तिने पदर तोंडाला लावला. ‘‘तो तिकडे आपल्या काळजीत!’’

मी एका बोटाने टाइप करायला घेतलं. बरे आहोत.

‘‘फ्लॉपी कामाला आली, तेपण लिहा,’’ ती म्हणाली.

‘‘लाइन तुटेल,’’ म्हटलं, आणि तेवढंच पाठवलं.