सरावलीची संध्याकाळ

हेमांगी राऊत हे नाव सरावलीत फार थोड्यांना ठाऊक आहे. बाकी सगळ्यांच्या तोंडी ती नेटवाली ताई. कुठल्याही बिल्डिंगच्या गच्चीवर, ओढणी कमरेला खोचलेली, खांद्यावर वायरचं वेटोळं, अशी बाई उभी दिसली की खालून जाणारे एकमेकांना म्हणतात, ताई आली, आता होईल नीट. हा विश्वास तिला कुणी आंदण दिलेला नाही, तिने तो कमावलेला आहे.

हेमांगीचं माहेर चिंचणीचं. वडलांची चिकूची वाडी, त्यामुळे झाडावर चढण्याची भीती लहानपणीच गेलेली. लग्न होऊन ती उमरोळीला आली तेव्हा नवरा, ललित, सरावलीत टीव्हीची केबल देत असे. कारखान्यांत कामाला आलेली माणसं तिथे भराभर घरं घेत होती, आणि घर घेतलं की दुसऱ्या दिवशी केबल लागायचीच. पुढे केबलची जागा इंटरनेटने घेतली. ललितने काळ्या जाड वायरी सोडून केसाएवढ्या बारीक काचेच्या धाग्याचं काम शिकून घेतलं आणि धंदा उभा ठेवला. मग एका पावसाळ्यात शेवाळलेल्या गच्चीवरून त्याचा पाय सरकला. मांडीचं हाड मोडलं. ते जुळलं, पण शिडी कायमची सुटली.

त्या दिवसांत कामाला ठेवलेली माणसं टिकेनात. घरी रोज फोन यायचे. शेवटी एका सकाळी हेमांगीने शिडी टेम्पोत टाकली. सासरे विश्राम दारात उभे राहिले. आपल्या घरची सून खांबावर चढणार, लोक काय म्हणतील, हा त्यांचा सवाल.

"लोक म्हणतात नेट बंद हाय," हेमांगी म्हणाली. "ते आधी ऐकूया, बाबा. बाकीचं मागनं."

विश्राम दारातून बाजूला झाले; पण पुढे बरेच महिने गावात कुणी सुनेबद्दल विचारलं की ते विषय बदलून भाताच्या लावणीकडे वळायचे.

हेमांगी काम शिकली. कुठली वायर कुठल्या गल्लीत जाते ते ललित खाटेवरून सांगे आणि ती जाऊन बघून येई. वर्षभरात तिला विचारावं लागेनासं झालं. उंदरांनी कुरतडलेली वायर, वानरांनी ओढून तोडलेली वायरींची पेटी, खाऱ्या वाऱ्याने गंजलेले क्लॅम्प, या सगळ्यांशी तिची गाठ पडली. ग्राहक वाढत गेले.

आणि ते वाढले तशी संध्याकाळ बिघडली.

दुपारी सगळं झकास. पण जनरल शिफ्टच्या बसेस आल्या, माणसं हातपाय धुऊन बसली, की तासाभरात नेट अंग टाकायचं. पिक्चर अडकायचे, मुलांचे क्लास तुटायचे, गावाकडच्या आईशी बोलता बोलता तिचा चेहरा पडद्यावर थिजून राहायचा. जेवणवेळा उलटून लोक निजायला लागले की पुन्हा सुरळीत. तक्रार आली की दुकानातून ललितचं उत्तर ठरलेलं, राउटर बंद करून चालू करा. हेमांगीही तेच सांगायची. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन बघावं तर वेग पुरेपूर. ती ग्राहकाला मोबाइलवर आकडा दाखवायची आणि तो बिचारा गप्प व्हायचा. हळूहळू तक्रारी कमी झाल्या. हेमांगीला वाटलं, बरं चाललंय.

नर्मदाबाई दुकानात आल्या त्या दिवशी तिचा हा समज गेला. नर्मदाबाई मूळच्या शिरपूरकडच्या. त्यांचे यजमान चंद्रभान इथे औषधाच्या कारखान्यात ऑपरेटर. नर्मदाबाई शिवणकामात तरबेज, आणि गेल्या दिवाळीपासून त्या माहेरच्या गावातल्या बायकांना मोबाइलवरून ब्लाउज शिवायला शिकवत होत्या. त्या बायका दिवसभर कापसात राबायच्या, म्हणून वर्ग संध्याकाळीच. बाईंनी राउटर पिशवीतून काढून टेबलावर ठेवला. आवाज चढवला नाही, भांडल्या नाहीत. कनेक्शन बंद करा, एवढंच म्हणाल्या.

हेमांगीने सवयीने विचारलं, बंद करून चालू करून पाहिलंत का?

नर्मदाबाई खुर्चीवर बसल्या आणि काय झालं ते त्यांनी सांगितलं. आदल्या संध्याकाळी गळ्याची कापणी शिकवायची होती. मंगळी नावाच्या एका बाईने भाऊबीजेला आलेलं कापड कापायला घेतलं होतं. नर्मदाबाई इकडून सांगत होत्या, "अजून कापू नका." चित्र अडकलं, आवाज तुटला, आणि तिकडे पोचलं ते फक्त "अजून कापू". मंगळीने कात्री पुढे चालवली.

"भावाने दिलेलं कापड होतं, ताई," नर्मदाबाई म्हणाल्या. "ती मला काही बोलली नाही. पण आज वर्गाला येणार नाही म्हणून निरोप आला. तिच्या मागे आणखी दोघींचा."

हेमांगीने राउटर पुन्हा त्यांच्या पिशवीत घातला. फक्त आजची संध्याकाळ मला तुमच्या घरी बसू द्या, अशी विनंती केली.

त्या संध्याकाळी ती नर्मदाबाईंच्या शिलाई मशीनशेजारी स्टुलावर बसली. उरलेल्या बायका पडद्यावर आल्या. थोडा वेळ ठीक गेला. मग एकेकीचा चेहरा थांबायला लागला. कुणाचं तोंड उघडं, कुणाचा हात केसांशी. नर्मदाबाई एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगत होत्या आणि तिकडून "काय? काय म्हणालात?" एवढंच येत होतं. हेमांगीला कानकोंडं झालं. आपण इतके दिवस लोकांना सकाळचा आकडा दाखवत होतो, आणि लोक तर संध्याकाळी जगत होते. नर्मदाबाईंनी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि शेवेची भाजी वाढली, ती तिने खाल्ली, पण चव कळली नाही.

दुसऱ्या दिवशी ती बोईसरच्या ऑफिसात गेली. मोठ्या कंपनीची लाइन तिथूनच तिच्याकडे येत असे. तिथली इंजिनियर वैभवी मोकळ्या मनाची मुलगी. तिने संध्याकाळचे आलेख उघडून दाखवले. वरून येणाऱ्या लाइनमध्ये जागा होती. गर्दी व्हायची ती हेमांगीच्या यंत्रांच्या खोलीपासून पुढे, तिच्याच वायरींत. म्हणजे पाणी घरातच मुरत होतं.

घरी आल्यावर तिने ललितला विचारलं. पायाला तेल चोळता चोळता तो म्हणाला, "पूर्वेच्या सगळ्या गल्ल्या एकाच धाग्यावर हायत. घरं वाढली तशी मी पेटीला पेटी जोडत गेलो. दिवसा चालतं. संध्याकाळी सगळे एकदम बसले की त्याला झेपत नाय." मला हे ठाऊक होतं, असंही तो म्हणाला, पण दुसरा धागा ओढायचा तर गच्च्या पालथ्या घालाव्या लागणार, आणि आता ते तिला एकटीला करावं लागणार, म्हणून तो बोलला नव्हता.

नेमकं त्याच आठवड्यात स्टेशनच्या बाजूला उभ्या राहिलेल्या नव्या टॉवरचं बोलावणं आलं. सगळेच्या सगळे फ्लॅट तुम्हीच जोडा, उद्यापासून कामाला लागा. ललितचा चेहरा उजळला. विश्रामांना तर ती सोन्याची संधी वाटली. हेमांगी मात्र म्हणाली, जुन्या गल्ल्यांची संध्याकाळ सुधारेपर्यंत एकही नवं कनेक्शन द्यायचं नाही. घरात वाद झाला. बाप-लेक एका बाजूला आणि ती दुसऱ्या.

"हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागायचं नाय," तिने शेवटी सांगितलं. "ज्यांनी आपल्याला धरून ठेवलं, त्यांचं आधी."

टॉवरवाल्यांना तिने स्वतः जाऊन खरं कारण सांगितलं आणि मुदत मागितली. ते थांबले नाहीत. टॉवर दुसऱ्याकडे गेला. त्या रात्री ललित जेवला नाही. हेमांगी जेवली, कारण सकाळी गच्च्या चढायच्या होत्या.

दुसरा धागा न्यायचा तर सात-आठ बिल्डिंगच्या गच्च्यांवरून न्यावा लागणार होता, आणि तिथल्या लोकांनी नकार दिला. त्यांचंही चुकत नव्हतं. गच्च्यांवर मेलेल्या केबलची जाळीच्या जाळी पडली होती. पापड वाळत घालायला जागा नाही, पोरं अडखळून पडतात. हेमांगीने बघितलं, ती जाळी ललितच्याच काळातली होती. तिने कुणाशी हुज्जत घातली नाही. नव्या वायरीचं नाव न काढता ती आधी जुनी तोडायला बसली. एकेक गच्ची मोकळी करायची, गुंडाळी खाली आणायची, झाडून घ्यायचं आणि पुढच्या बिल्डिंगला जायचं. नर्मदाबाई वर्ग नसेल तेव्हा कापडाची कात्री सोडून पक्कड घेऊन येऊ लागल्या. मग खालच्या मजल्यावरच्या सुलूबाई आल्या, मग आणखी कुणी. शेवटच्या गच्चीपर्यंत पोचेतो पहिल्या बिल्डिंगच्या सेक्रेटरीने स्वतःच विचारलं, तुमची ती नवी लाइन कधी टाकताय?

धागा ओढून झाला. खोलीत नवं यंत्र बसलं, त्यासाठी वैभवी सुट्टीच्या दिवशी येऊन बसली. एका सकाळी हेमांगीने पूर्वेच्या निम्म्या गल्ल्या जुन्या धाग्यावरून काढून नव्यावर घेतल्या.

आणि त्याच दुपारी तारापूरकडे निघालेल्या एका ट्रेलरवरच्या लोखंडी टाकीने रस्त्यावरून गेलेला नवा धागा ओढून तोडला. पूर्वेच्या निम्म्या गल्ल्या अंधारात नव्हे, पण नेटवाचून बसल्या. बोईसरात जोड देणारा माणूस होता, तो पालघरला दुसऱ्या कामावर गेलेला. एका वायरीत असे बरेच धागे, आणि काचेचा धागा गाठ मारून जोडता येत नाही. दोन टोकं यंत्रात समोरासमोर धरून वितळवून एक करावी लागतात, आणि त्याला हात स्थिर लागतो. हेमांगी ते शिकत होती, पण तिचे जोड अजून दहातले चार फुकट जायचे.

तिने ललितला फोन केला. पाय मोडल्यापासून तो घर आणि दुकान यांपलीकडे गेला नव्हता. लंगडत चालताना लोकांनी बघावं हे त्याला नको असायचं. फोनवर तो एवढंच म्हणाला, "रिक्षा पाठव. मशीन मी घेतो."

रस्त्याच्या कडेला प्लास्टिकच्या स्टुलावर ललित बसला. जोडाचं यंत्र मांडीवर. मागून ट्रक धूळ उडवत जात होते, आणि धुळीचा एक कण बसला तरी जोड वाया. नर्मदाबाईंच्या ध्यानात ते आलं. त्या घरी गेल्या आणि शिवणासाठी आणलेलं अस्तराचं अख्खं थान घेऊन आल्या. बायकांनी ते धरून त्याच्या तिन्ही बाजूंना आडोसा केला. आत ललित वाकून एकेक धागा सोलत होता, पुसत होता, यंत्रात ठेवत होता. हेमांगी खांबावर चढून वरचं टोक सोडत होती. बघायला गर्दी जमली, पण कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. एका जोडाच्या वेळी ललितने मान वर केली, सगळे आपल्याकडेच बघताहेत हे त्याला दिसलं, आणि तो पुन्हा कामाला लागला. पायाकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

शिफ्टच्या बसेस वळणावर दिसू लागल्या तेव्हा त्याने यंत्राचं झाकण लावलं.

"एकही वाया गेला नाय," तो हेमांगीला म्हणाला. त्याच्या आवाजातली ती ऐट तिने फार दिवसांनी ऐकली, आणि खांबावरून उतरताना तिला उगाचच हसू आलं.

त्या संध्याकाळी ती पुन्हा नर्मदाबाईंकडे बसली, या वेळी ललितही होता. लोक जेवून पडद्यांसमोर बसले, गर्दीची वेळ झाली, गेली, आणि पडद्यावरचा एकही चेहरा थांबला नाही. नर्मदाबाईंनी गळा आखला, कापला, उलटवून दाखवला. तिकडच्या कात्रीचा कच्‌कच्‌ आवाज इथे ऐकू येत होता. मंगळी नव्हती. ती पुढच्या महिन्यात आली, एका शेजारणीच्या आग्रहाने, आणि आल्यावर पहिले दोन दिवस तिने कात्रीला हात लावला नाही, नुसती बघत राहिली.

सगळं एकदम गोड झालं असं नाही. क्रिकेटच्या एका मोठ्या सामन्याला पश्चिमेची एक गल्ली पुन्हा रडली. हेमांगीने ग्राहकांच्या ग्रुपवर लिहिलं की या गल्लीत लाइन कमी पडते आहे, दोष आमचा आहे, राउटरला हात लावू नका, काम काढलं आहे. लोकांनी शिव्या दिल्या नाहीत. एकाने फक्त स्कोअर कळवत राहा म्हणून लिहिलं. ती गल्लीही तिने पावसाळ्याआधी वेगळी केली. आता नवं कनेक्शन देण्याआधी ती त्या गल्लीतल्या कुणाच्या तरी घरी एक संध्याकाळ बसते, चहा घेते आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघते. जोडही तिचे आता क्वचितच फुकट जातात. अवघड काम असलं की मात्र ती मुद्दाम ललितला रिक्षातून बोलावते, आणि तो येतो.

विश्राम महिन्यातून एकदा कामासाठी कोळगावला, जिल्ह्याच्या कचेरीत जातात. मागे तिथे एका ओळखीच्याने विचारलं, मुलगा काय करतो. ते म्हणाले, मुलगा आणि सून दोघं मिळून सरावलीचं नेट चालवतात, आणि सून वर चढते. समोरच्याने भुवया उंचावल्या. तेव्हा म्हाताऱ्याने खिशातून फोन काढला आणि खांबावरच्या सुनेचा फोटो त्याच्या हातात दिला.

"नीट बघा," ते म्हणाले. "घाई नाय मला."