कालव्याच्या विजेवरचा अमोनिया

पोपटने पॅडल दाबलं. पाणी आलं नाही. त्याने पुन्हा दाबलं, मग लाथच घातली.

“सायेब, पानी येत नाय!” दोन्ही हातांनी डोळे दाबून तो ओरडला. “डोळं जळालं माझं!”

पोपट गांगुर्डे आमचा ऑपरेटर, कळवणकडचा. आणि ते पॅडल आयवॉशचं. डोळ्यात केमिकल गेलं की ते पायाने दाबायचं, दोन नोझलमधून पाणी उडतं, त्यात तोंड धरायचं. अमोनियाच्या प्लांटमध्ये याच्याशिवाय काम सुरू करायचं नसतं. अमोनियाला ओल आवडते. सुटला की तो माणसाच्या अंगावरची ओली जागा शोधतो. डोळे, नाक, घसा. डोळ्यात गेला की आत आत शिरत राहतो. इलाज एकच, भरपूर पाणी, आणि तेही ताबडतोब.

आमचं आयवॉश दिसायला नवंकोरं होतं. ते तसं दिसण्याचं श्रेय माझं.

गोष्ट सन दोन हजारनंतरच्या वर्षांतली. आमच्या शेठचं दिंडोरीच्या बाजूला द्राक्षांचं कोल्ड स्टोरेज होतं. तिथली थंडी अमोनियावर चालते आणि तो बाहेरून यायचा. शेठच्या डोक्यात आलं, आपणच बनवू. अमोनिया म्हणजे नायट्रोजन आणि हायड्रोजन. नायट्रोजन हवेत आहेच. हायड्रोजन बाकीचे नैसर्गिक वायूतून काढतात. आम्ही पाण्यात वीज सोडून काढणार होतो. वीज कुठली, तर कालव्याचं पाणी जिथे उंचावरून पडतं तिथे बसवलेल्या छोट्या टर्बाइनची. कोळसा नाही, धूर नाही. आजकाल याला ग्रीन अमोनिया म्हणतात आणि त्यावर परिषदा भरतात. तेव्हा सातपूरच्या कारखानदारांत याला ‘शेठचं खूळ’ म्हणायचे, आणि ते खूळ सांभाळायला ठेवलेला केमिकल इंजिनिअर म्हणजे मी.

अडचण एकच होती. कालव्याला पाणी असेल तेव्हाच वीज. शेतीला पाणी सोडायचं आवर्तन संपलं, कालव्याचं दार पडलं, की आम्ही बंद. अमोनियाचा प्लांट खरं तर न थांबता चालवायचा असतो. चालू असताना त्याचा काही भाग भट्टीसारखा तापतो, काही बर्फासारखा गार पडतो. बंद केला की सगळं हवेच्या तापमानाला येतं. लोखंड फुगतं, आक्रसतं, आणि पाइपांच्या जोडावरचे बोल्ट हळूच ढिले होतात. हे मला माहीत होतं. यावर मी शेठना व्याख्यान दिलं होतं, स्लाइडसकट.

त्या वर्षी पाऊस लवकर आटोपला, त्यामुळे शेतीसाठी धरणातून पाणी लवकर सोडलं आणि दसऱ्यालाच कालवा भरून वाहत होता. प्लांट चालवायचे हेच दिवस. पण खंडेनवमीला यंत्रं बंद करून धुवायची, पुसायची, हळदकुंकू वाहायचं, झेंडूच्या माळा घालायच्या. दसऱ्याला त्यांना हात लावायचा नाही.

शेठ म्हणाले, “आपल्यासाठी एवढं राबतं, दोन दिवस बसू द्या त्याला.”

आमचं यंत्र निम्मं वर्ष बसूनच असायचं. तरी मी उत्साहाच्या भरात रंगारी बोलावला.

“हे पण रंगवायचं का साहेब?” आयवॉशपाशी थांबून त्याने विचारलं.

“अरे, दिसेल ते रंगव. चकाचक पाहिजे सगळं.”

त्याने पिवळ्या ऑइलपेंटचे दोन जाड हात मारले. नोझलवरही. भोकं बुजली. खरं तर मी एकदा पॅडल दाबून बघायला हवं होतं. पण पूजेला बसायचं होतं, अंगात नवा शर्ट होता, पाणी उडालं असतं. मी लांबूनच नमस्कार केला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी प्लांट चालू केला. बोल्ट पुन्हा आवळून घ्यायचे होते. ‘जेवण झाल्यावर घेऊ,’ असं मीच म्हणालो. गार अमोनिया वाहून नेणाऱ्या पाइपचा जोड शिट्टी वाजवायला लागला, म्हणून पोपट वाकून बघायला गेला. गॉगल होता, पण कपाळावर. काचेवर वाफ धरते म्हणून आम्ही सगळेच तो तिथे ठेवायचो. झोत सरळ त्याच्या डोळ्यांत गेला, आणि आयवॉश कोरडं निघालं.

मी व्हॉल्व्ह बंद केला आणि त्याला ओढत कालव्यावर नेलं. पायऱ्यांवर बसवून मान धरून तोंड पाण्यात घातलं.

“डोळे उघड, पोपट!”

“उघडत नाय ना!”

मग मीच बोटांनी पापण्या फाकवल्या. गढूळ पाणी त्याच्या डोळ्यांवरून वाहू दिलं.

“जीव घेता का काय सायेब?” खोकत खोकत तो म्हणाला. मी हात सोडला नाही.

नाशिकच्या हॉस्पिटलच्या व्हरांड्यात शेठनी मला बाजूला घेतलं. “फॅक्टरी इन्स्पेक्टर येईल. सांगा, गॉगल घातला नव्हता.”

“नव्हताच घातला, शेठ.”

“मग झालं तर.”

“पण पाणीही नव्हतं.”

“ते त्याने विचारलं तर सांगा.”

त्याने विचारलं नाही. मी सांगितलं. प्लांटला टाळं लागलं, आणि मलाही घरी बसवण्यात आलं.

पट्ट्या सोडल्या त्या दिवशी मी पोपटच्या खाटेशी उभा होतो. डाव्या डोळ्याची पट्टी निघाली. तो बराच वेळ पापण्या मिटत-उघडत राहिला.

“सायेब हायेत. दाढी वाढलीय लय.”

मग डॉक्टर उजवीकडे वळले. पोपट वाट बघत राहिला.

“उघडा की डॉक्टर आता.”

“उघडलाय,” डॉक्टर म्हणाले.

पुढे मी दुसरीकडे बरीच वर्षं नोकरी केली. तिथे एक नियम पाळला: सुट्टीनंतर चालू करायचा प्लांट नवा समजायचा, आणि आपल्याला त्यातलं काहीच कळत नाही असं धरून चालायचं. दुसरी गोष्ट माझ्या बाबतीत धरून चालायची गरज नव्हती.