काचेच्या कपाटातला ग्लव्ह

सबमिशन सोमवारी होतं आणि ग्लव्ह अजून कोंडाणे गावात, काशीमावशींच्या हातात होता.

आम्ही बायोमेडिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. काशीमावशी माझ्या प्रोजेक्ट पार्टनरची, स्नेहाची मावशी. लकव्यानंतर त्यांची उजवी मूठ वळत नव्हती. पण मूठ वळली नाही तरी मनात आणलं की स्नायूत बारीकशी वीज उमटते. तिला ईएमजी सिग्नल म्हणतात. आमचा सेन्सर तो सिग्नल पकडायचा, मोटर दोऱ्या ओढायची आणि ग्लव्हची बोटं मिटायची.

ट्रायलच्या दिवशी मावशींनी चमचा धरला आणि डाळभात स्वतः खाल्ला. अर्धा सांडला. त्यांची सून म्हणाली, "आता भांडीबी तुमीच घासा."

"भरवायचा ताप गेला ना तुझा? मग गप रव्ह गं," मावशी म्हणाल्या आणि पुन्हा भात मागितला.

रिपोर्टसाठी ट्रायल एकाच दिवसाची पुरली असती. तरी ग्लव्ह आम्हीच त्यांच्याकडे ठेवला होता. रविवारी परत आणायला गेलो तेव्हा त्यांनी डावा हात त्यावर ठेवला.

"परीक्षा झाली की आणशील ना रं?"

"आणतो, मावशी."

व्हायवा छान झाली. मी विभागप्रमुखांकडे, एचओडी सरांकडे, ग्लव्ह परत मागितला. मॉडेल डिपार्टमेंटचं असतं, तपासणीला कमिटी आली की दाखवावं लागतं, असं त्यांनी समजावलं. मी म्हणालो, सर, हे मॉडेल नाही, एका बाईचा हात आहे.

"भाषण चांगलं करतोस," सर म्हणाले. "दुसरा बनव."

दुसरा बनवायचं आम्ही ठरवलंही. मग स्नेहाला पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी लागली, मला खोपोलीत मशीनविक्रीची. सुट्ट्या जुळल्या नाहीत.

परवा डिग्री घ्यायला गेलो. ग्लव्ह काचेच्या कपाटात होता, खाली आमची नावं, शेजारी बेस्ट प्रोजेक्टची ट्रॉफी. चार्ज न केल्यामुळे बॅटरी फुगली होती. कपाटाची किल्ली कोणाकडे आहे, हे कुणालाच माहीत नव्हतं.

तिथून कोंडाण्याला गेलो. सून मावशींना भरवत होती. मावशींनी माझ्या हातातली डिग्रीची फाइल पाहिली, रिकामा दुसरा हात पाहिला आणि सुनेला म्हणाल्या, "याला पण वाढ."

आमच्या रिपोर्टच्या पानापानावर 'युजर' हा शब्द आहे. सबमिशनला सही लागते गाइडची, एचओडींची, एक्स्टर्नल परीक्षकांची. युजरची लागत नाही.