तांदूळ वाढले

मुंबईत नवं बिऱ्हाड करणाऱ्याला लोक काय काय शिकवतात! नळ पहाटे चारला येतो, सहाला जातो. शेगडी गॅलरीत पेटवायची, नाहीतर शेजारीण भांडायला येते. पत्ता विचारला की खोलीचा नंबर सांगायचा. ‘पिंपळासमोरचं घर’ म्हटलं तर मुंबईत कुत्रंही ओळखत नाही. आमच्या भागीरथीकाकूला धर्माकाकाने हे सगळं पाठ करून घेतलं. एक गोष्ट तेवढी सांगायची राहिली, कारण ती सांगावी लागेल असं कुणाच्या बापाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

काकू किन्हवलीची सून. लग्नाला सात वर्षं झाली, पण नवऱ्यापाशी राहिली किती? शिमग्याला पाच दिवस, गणपतीत सात. काका परळच्या एका गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, आणि काकू गावी सासूच्या हाताखाली. त्रेचाळीसच्या दिवाळीत तिने जेवण सोडलं, तेव्हा कुठे काका तिला आटगावला गाडीत बसवून घेऊन गेला. लुगड्यांच्या गाठोड्यात तिने दोन पायल्या तांदूळ लपवून नेले. शहरात बाहेरून धान्य न्यायला बंदी होती, रेशन नुकतंच सुरू झालं होतं.

रेशनकार्डावर नाव होतं एकट्या काकाचं. एकाच्या वाट्यात दोघं जेवायची. गावचे तांदूळ होते तोवर निभावलं. मग काकू आधी काकाला वाढायची आणि स्वतः भांड्याला लागलेलं खरवडून खायची. काकाच्या ते लक्षात आलं तेव्हा तो वैतागून म्हणाला, “ह्या महिन्यात तुझं नाव चढलं नाय ना, तर गावाला सोडून येतो. एकाच्या पोटावर दोघांनी कसं जगायचं?”

परत सासूच्या त्या चुलीपुढे, परत शिमग्याची वाट बघत बसायचं! त्यापेक्षा उपास बरा.

काकाने अर्ज केला. चौकशीला एक साहेब आला. काका पाळीवर गेलेला. साहेब मराठी बोलायचा, पण शाळेत शिकलेलं. बूट काढावे लागू नयेत म्हणून तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

“घरात तांदूळ किती आहेत?”

काकूने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, “तांदूळ वाढले, सायेब.”

आता आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल की घरातली बरकतीची वस्तू ‘संपली’ असं म्हणत नाहीत. बांगडी फुटत नाही, वाढते. तसे तांदूळही वाढतात. घरात अभद्र बोललं की वास्तू ‘तथास्तु’ म्हणते.

“किती वाढले?”

“समदेच वाढले. परवापास्नं.”

“आणखी येणार आहेत?”

“देवाच्या दयेनं येतीलच की!”

साहेबाने लिहून घेतलं. आठवड्याने अर्ज परत आला: घरात वाढीव तांदूळ आहेत, आणखी येणार आहेत, सबब नाव चढवता येत नाही.

काका कागद घेऊन घरात शिरला तोच ओरडत. “अगो, काय सांगितलंस त्या सायबाला?”

“खरं ते सांगितलं. तांदूळ वाढले.”

काकाने कपाळावर हात मारला. “तो जास्त झाले असं समजला ना!”

“मंग मी काय बोलायचं होतं? घरात उभी राहून तसलं अभद्र बोलू?”

काकाच्या आईनेही त्याला हेच शिकवलं होतं.

काकाला पाळी सोडता येत नव्हती, म्हणून काकू एकटीच कचेरीत खेटे घालू लागली. पहिल्या दिवशी चुकीच्या रांगेत दोन तास गेले. दुसऱ्या दिवशी नंबर आला आणि खिडकी बंद झाली. तिसऱ्या दिवशी खोलीच्या मालकाची चिठ्ठी मागितली. चिठ्ठी आणली तर म्हणाले, साहेब रजेवर. चीड यायची नाही तर काय! जिच्या पोटात घास नाही तिलाच सरकार म्हणतंय, तुझ्याकडे जास्त आहे. काकू घरी येऊन भांडी आपटायची, आणि काका गाडीची वेळ विचारून आलो म्हणायचा.

महिना संपायला दोन दिवस उरले, तेव्हा खिडकीत तोच साहेब सापडला.

“तांदूळ वाढले असं तुम्हीच सांगितलं ना?”

“व्हय.”

“मग आता काय झालं?”

काकूने मान वर करून छताकडे पाहिलं. हे छप्पर काही तिचं नव्हतं. सरकारचं होतं. सरकारच्या वास्तूने काय म्हणायचं ते म्हणावं! तिने कमरेला पदर खोचला आणि सगळी रांग दचकेल अशी ओरडली, “तांदूळ संपले! खडखडाट झालाय! एक दाणा नाय घरात! संपले, संपले, संपले!”

साहेबाच्या हातातला टाक थांबला. “हे आधी सांगायला काय झालं होतं?”

“माझ्या घरात उभं राहून इचारलंत ना!”

साहेबाला किती कळलं देव जाणे, पण त्याने नाव चढवलं. काकू कार्ड पदराखाली धरून तडक दुकानात गेली. वाणी पान चघळत होता. कार्ड बघितलं न बघितलं आणि सरळ बोलला, “तांदूळ संपले. बाजरी आहे.”

“मेल्या, दुकानात बसून असं बोलतोस?” काकू म्हणाली. दुसरं काय करणार? बाजरी घेतली.

आमच्याकडची माणसं भाताची, जास्तीत जास्त नाचणीची भाकर. बाजरी तिने जन्मात थापली नव्हती. पीठ थापावं तर तुटायचं, भाजावं तर एका बाजूने करपायचं. काकाने पहिला घास मोडला आणि म्हणाला, “ही काय भाकर हाय?”

“गप खावा,” काकू म्हणाली.

त्याचं झाल्यावर ती बसली आणि तीन भाकरी खाल्ल्या. बाजरीला, वाण्याला, त्या बूटवाल्याला शिव्या देत खाल्ल्या. मुंबईत आल्यापासून तिने पोटभर खाल्लेलं ते पहिलं जेवण, आणि ते तिच्या स्वतःच्या नावावरचं होतं.